क्लेम नाकारला? नागपुरात बसून विमा कंपनीविरुद्ध तक्रार कशी करायची

नकारपत्र हातात पडलं की सगळ्यात आधी त्यावरची तारीख पाहा आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढच्या मुदती तिथूनच मोजायला सुरुवात होते.

धंतोलीत किंवा रामदासपेठेत पेशंट भरती होतो, घरचे इकडून-तिकडून पैसे गोळा करून बिल भरतात, आणि काही आठवड्यांनी मेलवर चार ओळींचा नकार येतो. तोवर माणसं इतकी थकलेली असतात की "जाऊ द्या ना आता" म्हणत फाइल कपाटात जाते. ती फाइल बाहेर काढा, एवढ्यासाठीच हा लेख. नाकारलेला प्रत्येक क्लेम चुकीनेच नाकारलेला असतो असं नाही. पण नकार बरोबर की चूक, याचा शेवटचा शब्द कंपनीचा नसतो, आणि तो तपासून घ्यायला फी लागत नाही.

कोण काय करतं, हे आधी नीट समजून घ्या

पुष्कळांना वाटतं, इर्डाईकडे तक्रार केली की इर्डाई निकाल देईल. तसं होत नाही. हैदराबादला मुख्यालय असलेली इर्डाई ही विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी नियामक संस्था. तिच्याकडे केलेली तक्रार ती त्याच कंपनीकडे पाठवते आणि कंपनीने मुदतीत उत्तर दिलं की नाही यावर लक्ष ठेवते. तुमचं बिल मंजूर व्हावं की नाही, हा निवाडा ती करत नाही. तो करतात विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणारे अधिकारी) किंवा ग्राहक आयोग.

मग इर्डाईकडे जायचं कशाला? कारण तिथे तक्रार केली की ती नियामकाच्या नोंदीत येते आणि कंपनीला लेखी उत्तर द्यावंच लागतं. काही क्लेम या टप्प्यावरच पुन्हा उघडतात. नाही उघडला तरी कंपनीने काय लिहून दिलं ते तुमच्या हातात येतं, आणि लोकपालांसमोर ते कामाला येतं.

थोडक्यात क्रम असा: कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, मग इर्डाईचं बीमा भरोसा पोर्टल, मग लोकपाल किंवा ग्राहक आयोग. महात्मा फुले जनआरोग्य योजना, कामगारांची ईएसआय, केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएचएस यांच्या तक्रारी या वाटेने जात नाहीत, त्यांची यंत्रणा वेगळी. पीक विम्यासाठीही वेगळी हेल्पलाइन आहे, १४४४७.

आधी कागद जमवा

रागाच्या भरात त्याच रात्री तक्रार टाकू नका. आधी कागद.

नकार कोणी दिलाय ते बघा. आरोग्य विम्यात क्लेमची कागदपत्रं बहुतेक वेळा टीपीए, म्हणजे कंपनीने नेमलेली मध्यस्थ संस्था, हाताळते. पण क्लेम नाकारण्याचा अधिकार टीपीएला नाही, तो विमा कंपनीचाच. पत्र नुसतं टीपीएच्या नावाचं असेल, तर कंपनीला मेल करून तिचं स्वतःचं नकारपत्र मागा. त्यात पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नकार दिला ते लिहिलेलं हवं. "अटी व शर्तींनुसार देय नाही" एवढ्यावर भागत नाही.

पॉलिसीची पूर्ण प्रत काढा. घरात असतं ते कार्ड किंवा दोन पानांचं शेड्यूल, भांडण असतं ते पुढच्या पंचवीस-तीस पानांत. कंपनीच्या वेबसाइटवर ती पानं मिळतात. शेड्यूलवर यूआयएन नावाचा क्रमांक छापलेला असतो. त्याच क्रमांकाची प्रत घ्या, कारण त्याच नावाच्या जुन्या-नव्या पॉलिसींच्या अटी वेगळ्या असू शकतात.

प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत कंपनीकडून मागवा. "आजार लपवला" असा आरोप असेल तर सगळा खटला याच कागदावर उभा असतो. पॉलिसी घेताना प्रश्न नेमका काय विचारला होता, उत्तर काय भरलं, ते कोणी भरलं? एजंटने परस्पर "नाही"वर टिक मारलेले फॉर्म मी पाहिले आहेत आणि घरच्यांनी तो फॉर्म तेव्हा पहिल्यांदाच बघितलेला असतो. खाली सही मात्र तुमची असते, म्हणून "एजंटने भरला" एवढं सांगून सुटका होईलच असं धरू नका. पण प्रश्नच संदिग्ध असेल, किंवा विचारलाच नसेल, तर तो मुद्दा भक्कम आहे.

हॉस्पिटलमधून फक्त डिस्चार्ज कार्ड आणून थांबू नका. आयपीडीचे पूर्ण केस पेपर मागा: भरती करतानाची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंगचे चार्ट, सगळे रिपोर्ट. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत तसं स्पष्ट आहे. अर्ज लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. बिलिंग काउंटरवर "नंतर या" म्हणत असतील, तर मेडिकल रेकॉर्ड विभाग कुठे आहे ते विचारा आणि थेट तिथे जा.

नकाराचं कारण कोणतं, त्यावर उत्तर ठरतं

सगळ्यात जास्त मनस्ताप देणारं कारण म्हणजे "आजार आधीपासून होता आणि तुम्ही सांगितला नाही". हे बहुतेक वेळा कुठून येतं ते पाहा. रात्री दीड वाजता कॅज्युअल्टीत पेशंट स्ट्रेचरवर आहे. निवासी डॉक्टर विचारतात, "बीपी, शुगर काही?" घाबरलेला मुलगा म्हणतो, "हो, बाबांना बीपी आहे बऱ्याच वर्षांपासून." केस पेपरवर उमटतं: के/सी/ओ एचटीएन, दहा वर्षं, म्हणजे दहा वर्षांपासून बीपीचा पेशंट. पॉलिसी सहा वर्षांपूर्वीची. झालं, कंपनीला कारण मिळालं.

अशा वेळी दोन गोष्टी तपासा. पहिली, पॉलिसी सलग किती वर्षं चालू आहे. इर्डाईच्या २०२४ च्या नियमांनुसार आरोग्य विमा सलग ६० महिने चालू असेल, तर त्यानंतर माहिती लपवल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती. पोर्ट करून कंपनी बदलली असेल तर आधीच्या कंपनीकडची वर्षंही धरतात. मात्र मधे विम्याची रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेसाठी हे महिने वाढवल्या तारखेपासून मोजतात. वरच्या उदाहरणात पॉलिसी सहा वर्षं सलग असेल, तर तेवढा एकच मुद्दा पुरेसा ठरू शकतो.

दुसरी गोष्ट, ती "दहा वर्षं" कुठून आली? बीपीचं निदान पहिल्यांदा कधी झालं त्याची चिठ्ठी घरात शोधा. जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे नोंद मिळते का बघा. पॉलिसीनंतरचं निदान असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून पत्र घ्या की हिस्ट्री नातेवाइकाच्या तोंडी सांगण्यावरून लिहिली होती आणि कागदोपत्री निदान अमुक तारखेचं आहे. हे पत्र खरंच तसं असेल तरच घ्या. खोटा दाखला पकडला गेला की फसवणुकीचा शिक्का बसतो आणि ६० महिन्यांचं संरक्षणही हातचं जातं.

दुसरं नेहमीचं कारण: "भरती होण्याची गरज नव्हती". पावसाळ्यानंतर नागपुरात डेंग्यूचे पेशंट वाढले की या नकारपत्रांचीही भर पडते. पेशंट स्थिर होता, ओपीडीत उपचार झाले असते, असं कंपनीचे डॉक्टर कागद बघून लिहितात. याला "आमच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून भरती केलं" हे उत्तर अपुरं आहे. केस पेपर उघडा. न थांबणाऱ्या उलट्या, पोटदुखी, हिरड्यांतून रक्त, ग्लानी ही डेंग्यूमधली धोक्याची लक्षणं मानली जातात. भरतीच्या नोंदीत यांपैकी काय लिहिलंय? प्लेटलेटचा आकडा रोज कसा उतरत गेला? सलाइन किती दिवस, किती बाटल्या? तारीखवार एक तक्ता करा आणि प्रत्येक ओळीसमोर केस पेपरचा पान क्रमांक टाका. सोबत डॉक्टरांचं एका पानाचं पत्र: घरी ठेवून उपचार का शक्य नव्हते. असा तक्ता जोडलेली तक्रार बाजूला सारणं कठीण जातं.

अर्धवट क्लेम मिळाला असेल तरी तक्रार करता येते, हे अनेकांना ठाऊकच नसतं. खोलीचं भाडं मर्यादेपेक्षा जास्त होतं म्हणून अख्खं बिल प्रमाणात कापतात. पण औषधं, कन्झ्युमेबल, इम्प्लांट आणि तपासण्या यांच्यावर अशी प्रमाणशीर कपात लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चावरही नाही. कपातीचा तक्ता समोर ठेवून या रकमांखाली रेघ मारा आणि बेरीज करा.

उशिरा कळवलं एवढ्याच कारणावरून नकार असेल तर इर्डाईचं २० सप्टेंबर २०११ चं परिपत्रक तुमच्या बाजूने आहे. उशिराला पटण्यासारखं कारण असेल, तर खरा क्लेम यांत्रिकपणे नाकारू नये, असं त्यात म्हटलं आहे. गाडी चोरीच्या बाबतीत २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की एफआयआर ताबडतोब केली असेल, तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावरून क्लेम नाकारता येणार नाही.

आयुर्विम्यात १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४५ लक्षात ठेवा. पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला कोणत्याही कारणावरून तिच्या वैधतेवर बोट ठेवता येत नाही. वारसांनी पॉलिसी सुरू झाल्याची तारीख आणि मधे ती बंद पडून पुन्हा चालू केली होती का, हे आधी बघावं. पुन्हा चालू केली असेल तर तीन वर्षं त्या तारखेपासून मोजली जातात.

पहिलं पत्र: कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला

ही पायरी गाळू नका. कंपनीकडे आधी लेखी तक्रार केल्याशिवाय लोकपाल तुमची तक्रार घेत नाहीत. कॉल सेंटरला केलेले फोन यात धरले जात नाहीत. अधिकाऱ्याचा मेल पत्ता पॉलिसीत आणि कंपनीच्या वेबसाइटवर असतो. मेल पाठवा आणि तेच पत्र स्पीड पोस्टनेही टाका. पावती फाइलला लावा.

पत्र एका पानाचं असावं. साधारण असं:

"पॉलिसी क्र. ___, क्लेम क्र. ___. माझी पत्नी दि. ___ ते ___ या काळात डेंग्यूसाठी नागपूर येथील ___ रुग्णालयात दाखल होती. बिल रु. ८६,४००. आपण दि. ___ च्या पत्राने, भरतीची गरज नव्हती असे कारण देऊन, क्लेम नाकारला. हे कारण मला मान्य नाही. भरतीच्या वेळी सततच्या उलट्या व पोटदुखी होती (केस पेपर, पान ३). प्लेटलेट दोन दिवसांत १,१०,००० वरून ४२,००० वर आले (पान ११ ते १४). उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र जोडले आहे. हा नकार क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीने दिला आहे का, ते कळवावे. क्लेमची पूर्ण रक्कम विलंबाच्या व्याजासह द्यावी. अन्यथा मला बीमा भरोसा व विमा लोकपाल यांच्याकडे जावे लागेल."

क्लेम रिव्ह्यू कमिटीची ओळ मुद्दाम घातली आहे. २०२४ च्या नियमांनुसार या कमिटीच्या मंजुरीशिवाय आरोग्य विम्याचा क्लेम नाकारता येत नाही. हा प्रश्न विचारला की फाइल पुन्हा कोणाला तरी उघडावी लागते.

पत्रात संताप, कुटुंबाची परिस्थिती, एजंटने दिलेली आश्वासनं यांना जागा देऊ नका. तुमचं दुःख खरंच असतं, पण समोरचा माणूस कलम आणि कागद एवढंच पडताळतो.

कंपनीला तक्रार निकाली काढायला १४ दिवस असतात. पंधराव्या दिवशी पुढची पायरी.

बीमा भरोसा

इर्डाईच्या या पोर्टलचा पत्ता बीमाभरोसा डॉट इर्डाई डॉट जीओव्ही डॉट इन. नाव, मोबाइल, ईमेल देऊन नोंदणी करा, कंपनी निवडा, पॉलिसी आणि क्लेम क्रमांक भरा, तक्रारीचा प्रकार निवडा. मजकुराच्या चौकटीत वरच्याच पत्राचा गाभा टाका. नवीन कारणं, नवीन आकडे काढू नका. दोन ठिकाणी दोन गोष्टी लिहिल्या की कंपनी त्याच विसंगतीवर बोट ठेवते. नकारपत्र, पहिल्या तक्रारीची प्रत आणि पोचपावती, डॉक्टरांचं पत्र, केस पेपरची नेमकी पानं स्कॅन करून जोडा. मोबाइलने काढलेले तिरके, अंधारे फोटो नकोत. सीताबर्डीच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे सगळं मिळून एक नीट पीडीएफ करून मिळते.

तक्रार टाकली की टोकन क्रमांक येतो, तो जपा. ऑनलाइन जमत नसेल तर १५५२५५ किंवा १८०० ४२५४ ७३२ या टोल फ्री क्रमांकांवर फोन करून तक्रार नोंदवता येते. कंप्लेंट्स अ‍ॅट इर्डाई डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्यावर मेलही चालतो.

तक्रार पॉलिसीधारकाच्या नावानेच जावी. वकील, एजंट किंवा तिसऱ्या माणसाने केलेल्या तक्रारी इर्डाई विचारात घेत नाही. "क्लेम पास करून देतो, वीस टक्के द्या" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. ते याच पोर्टलवर तुमच्याच लॉगिनने हाच फॉर्म भरतात. आईवडिलांची तक्रार मुलाने टाइप करायला काहीच हरकत नाही, पण नाव, मोबाइल, सही ज्यांची पॉलिसी त्यांची.

कधी कधी कंपनी "आमचा निर्णय कायम" एवढंच लिहून पोर्टलवरची तक्रार बंद करते. हा तुमचा पराभव समजू नका. ते उत्तर डाउनलोड करा, तारखेसकट. आणि एक लक्षात असू द्या: बीमा भरोसावर तक्रार चालू आहे म्हणून लोकपालांकडे जाण्याची एक वर्षाची मुदत थांबत नाही.

लोकपाल की ग्राहक आयोग

दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. प्रकरण आयोगात किंवा कोर्टात असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर आधी लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. लोकपालांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही, तर आयोगाची वाट मोकळी राहते.

ग्राहक आयोग कधी निवडावा? रक्कम मोठी असेल, किंवा क्लेमशिवाय मनस्तापाची भरपाईही हवी असेल, तेव्हा. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे नागपूरकरांसाठी सिव्हिल लाइन्समधला जिल्हा आयोग. मुदत दोन वर्षं. भरलेला प्रीमियम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तिथे एक निवाडा फार उपयोगी पडतो: २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नकारपत्रात न दिलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. म्हणूनच सुरुवातीला नकारपत्र कलमासकट मागून घ्यायचं.

लोकपालांकडे तक्रार

नागपूर आणि विदर्भ पुण्याच्या विमा लोकपालांच्या कक्षेत येतात. कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर, जीवन दर्शन इमारतीत आहे. छिंदवाडा-बालाघाटकडून उपचारासाठी नागपूरला येणाऱ्यांनी हॉस्पिटलचं गाव धरू नये. कक्षा तुमच्या राहत्या पत्त्यावरून किंवा कंपनीच्या शाखेवरून ठरते, मध्य प्रदेशचं कार्यालय भोपाळला आहे.

कंपनीने तुमच्या लेखी तक्रारीला नकार दिला असेल, दिलेल्या उत्तराने समाधान झालं नसेल, किंवा महिना उलटूनही उत्तरच आलं नसेल, तर तिथून एक वर्षाच्या आत लोकपालांकडे जायचं. वर्ष उलटलंच असेल तर उशिराचं सबळ कारण आणि त्याचा पुरावा देऊन विनंती करा. उशीर माफ करण्याचा अधिकार लोकपालांना आहे, पण त्यावर विसंबून राहू नका.

तक्रार सीआयओआयएनएस डॉट सीओ डॉट इन या संकेतस्थळावरून ऑनलाइन करता येते, पोस्टानेही चालते. पेशंट हयात नसेल तर नॉमिनी किंवा कायदेशीर वारस करू शकतात. कार्यालयाकडून तपशील आणि संमतीचा फॉर्म येतो, तो भरून सही करून लगेच परत पाठवा. लोकपालांना सगळे कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यामुळे तुमच्याकडून एक कागद अडकला की ते तीन महिने सुरूच होत नाहीत.

सुनावणीसाठी पुण्याला जावं लागेल या धास्तीने पुष्कळ जण मागे हटतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर सुनावणी व्हिडिओ कॉलवर घेता येते. शांत खोली, चार्ज केलेला फोन, आणि समोर पान क्रमांक टाकलेली फाइल. कंपनीचा प्रतिनिधी त्याच कॉलवर असतो. वेळ थोडा मिळतो, म्हणून तीन वाक्यं आधीच तयार ठेवा: कंपनीचं कारण काय, ते का चूक, आणि ते कोणत्या पानावर दिसतं. डेंग्यूच्या उदाहरणात "पान ११ ते १४ बघावं" हे एक वाक्य पंधरा मिनिटांच्या गाऱ्हाण्यापेक्षा जास्त काम करतं. कंपनीचा माणूस नकारपत्रात नसलेलं नवं कारण सांगू लागला, तर तिथल्या तिथे तसं नोंदवायला सांगा. मधेच तडजोडीचा आकडा सुचवला जाऊ शकतो. तो घ्यायचा की नाही हे घरी आधी बोलून ठेवा, कॉलवर घाईत "हो" म्हणू नका.

निर्णय तुमच्या बाजूने लागला की कंपनीला तो मिळाल्यापासून ३० दिवसांत पाळावा लागतो. बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला चेक त्याच आठवड्यात पाठवून पोच घ्या, म्हणजे "माहिती मिळाली नाही" म्हणायला जागा राहत नाही. ३० दिवस उलटूनही पैसे आले नाहीत, तर आरोग्य विम्यात दर दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला देण्याची तरतूद २०२४ च्या नियमांत आहे. एकतिसाव्या दिवशी निर्णयाची प्रत जोडून कंपनीला मेल करा, त्यात हा दिवसाचा आकडा लिहा आणि प्रत लोकपाल कार्यालयाला व इर्डाईला पाठवा.